जेवायला आली नाही तर दार कोण वाजवतं

इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाने त्याच्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. आधी विवेक आत गेला, माझा मुलगा. दोन पावलं गेला आणि थांबला. मग मी त्याला हाताने सारून पुढे गेले.

पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत सानिका खाली बसली होती. माझी नात, विवेकची एकुलती एक मुलगी. अंगात जाकीट, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. सकाळचे अकरा वाजले होते, पण पडदा ओढलेला. खोलीला वास येत होता. मी सासूचं शेवटचं दुखणं काढलं आहे, त्यामुळे तो वास मला ओळखीचा होता. पण तो म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत येतो. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या खोलीत कधी घेतला नव्हता. टेबलावर मी दिवाळीला पाठवलेला शंकरपाळ्यांचा डबा होता. त्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आजी, सॉरी."

विवेक रडायला लागला. मी म्हटलं, "रडायचं तर बाहेर जाऊन रड. आणि येताना कोमट पाणी आण."

मी तिच्याजवळ खाली बसले. माझ्या खुब्यात स्टीलचा तुकडा आहे, खाली बसलं की मला उठता येत नाही, हे बसल्यावर आठवलं. म्हणून मग बसूनच राहिले. तिच्या केसांचा मागे एक गोळा झाला होता, जटेसारखा. माझ्या पिशवीत फणी होती. दोन तास लागले. शेवटचा गुंता सुटला नाही, तो कापला.

बारा दिवस ती त्या खोलीत होती. तीन दिवसांपूर्वी शेवटचं काहीतरी खाल्लं होतं, तेही कोरडे ओट्स. हे कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या वर्गात शेकड्याने मुलं, एक कमी झालं तर मास्तरांना कळणार कसं. शेजारच्या खोल्यांतल्या मुलांना वाटलं, ती घरी गेली. तिच्या आईला, अर्चनाला, मेसेजवर रोज अंगठा यायचा. अंगठ्यावरून माणूस जेवलंय की नाही ते कळत नाही. दर रविवारी तिचा मला फोन असायचा. एक रविवार चुकला, अर्चना म्हणाली, "अहो आई, परीक्षा असेल." दुसरा चुकला तेव्हा मी कोट घातला आणि दाराजवळच्या बूट घालायच्या स्टुलावर जाऊन बसले. विवेक म्हणाला, "आई, उद्या माझी मीटिंग आहे." मी म्हटलं, "असू दे. मी इथेच बसते." पहाटे त्याने गाडी काढली. वोल्फ्सबुर्गच्या आमच्या घरापासून गार्चिंगला तिच्या विद्यापीठापर्यंत, अर्धी जर्मनी ओलांडून सहा तास. वाटेत तो एकदाच बोलला, "तुला उगाच काहीतरी वाटतंय." मला उगाच काही वाटत नाही. तो माझा स्वभाव नाही.

शकुंतला, विमल, माझ्या गल्लीतल्या बायांनो, तुम्ही बार्शीहून फोन करता तेव्हा मी सगळं ठीक आहे सांगते. ठीक नव्हतं. आणि इकडे मुलांकडे येऊन राहिलेल्या माझ्यासारख्या ज्या बायका आहेत, ज्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये भेटतात आणि नातवंडांच्या कॉलेजांची नावं एकमेकींना ऐकवतात, त्यांनाही हे सांगायचं आहे. कारण सानिकाला त्या खोलीत पाठवायला मी सांगितलं होतं.

माझे वडील विहिरी खणायचे. गावोगाव जायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा एवढंच म्हणाले, "जिथं जाशील तिथलं पाणी आधी बघ, मग माणसं." मी चौथीपर्यंत शिकले, पण हे मला नीट आलं. बार्शीला आमच्या गल्लीत कोणाच्या मुलीचं स्थळ ठरत आलं की मुलाचं घर बघायला मला नेत. पुरुष बैठकीत बसून शेतीवाडी विचारत. मी पाय धुवायला म्हणून मागे जायचे. मोरी बघायचे. पाणी कोण भरतं, घागर कोणाच्या कमरेवर आहे, कोठीच्या खोलीला कुलूप आहे का, थोरल्या सुनेच्या ताटात भाजी शेवटपर्यंत उरते का. परत आले की सगळे माझ्या तोंडाकडे बघत. मी "द्या" म्हटलं की मुलगी देत. "नको" म्हटलं की नारळ परत. माझं चुकत नसे, असं लोक म्हणत आणि मलाही तसंच वाटत असे.

इकडे यायचं ठरलं ते मी पडले म्हणून. हे गेल्यावर सात वर्षं मी एकटी राहत होते. खुबा मोडला आणि विवेक म्हणाला, आता नाही. पण इथलं सरकार म्हाताऱ्या आईला सहज येऊ देत नाही. वकील केला. मागे माझं बघणारं कोणी नाही, असं कागदावर सिद्ध करायचं होतं. तहसीलदाराच्या ऑफिसात बसून मी सही केली की बार्शीत माझं कोणी नाही. शकुंतला, त्या दिवशी मला रिक्षात बसवून तिथं तूच घेऊन गेली होतीस. सात वर्षं रोज सकाळी माझ्या दाराची कडी वाजली नाही तर तू खिडकीतून हाक मारायचीस, "कमल, जिती आहेस ना?" पण तू नात्याची नाहीस, त्यामुळे कागदावर तू कोणी नव्हतीस. सही करून आलो, तू चहा टाकलास, आपण दोघींनी तो पिला आणि त्या विषयावर बोललो नाही. निघाले त्या दिवशी तू गाडीजवळ आली नाहीस. तुझ्या जिन्यात उभी होतीस. मीही वर बघितलं नाही. बरं झालं.

वोल्फ्सबुर्गला घर मोठं आहे, गरम आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. पाण्याचं सुख मी नाकारणार नाही. पण सकाळी सातला विवेक गाडीच्या कारखान्यात जातो, अर्चना तिच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात. संध्याकाळी सहापर्यंत घरात आवाज फक्त फ्रीजचा. रस्त्यावर गाड्या दिसतात, माणसं गाड्यांत असतात. दुकानात जायलाही गाडी. रविवारी तर सगळं गाव कुणीतरी झाकण लावल्यासारखं बंद. पहिल्या वर्षी मी खिडकीत बसून रस्त्याने चालत जाणारी माणसं मोजायचे. नंतर सोडून दिलं.

त्या घरात सानिका तेवढी माझी होती. शाळेतून दोनला यायची. तिला मराठी कळतं, बोलताना अर्धं जर्मन येतं. फार बोलायची नाहीच. माझ्याजवळ बसायची आणि एखादी गोष्ट तासभर करत राहायची, लसूण सोलायचा तर सगळा गड्डा, एकही पाकळी न तुटता. शाळेतून दरवर्षी एकच तक्रार यायची, मुलगी हुशार आहे पण वर्गात बोलत नाही. इथे वर्गात बोलण्याला गुण असतात. न बोलणाऱ्याचे कापतात. विवेक चिडायचा, "अगं, तोंड उघड ना जरा." ती म्हणायची, "या, पापा," म्हणजे हो बाबा, आणि उघडायची नाही.

शाळा संपली तेव्हा तिने स्वतः काही कॉलेजं शोधून काढली होती. अगदी लहान. सगळी मिळून शे-दोनशे मुलं, इंग्रजीत शिकवणं. पहिल्या दिवसापासून एकच शाखा धरायची नाही, थोडी झाडं शिका, थोडा इतिहास, थोडं गणित, मग ठरवा. मला ते पटलं होतं, कारण ती तशीच आहे. तिला झाडाचं पान आणि जुनं घड्याळ दोन्ही सारखंच बघायला आवडतं. पण विवेक म्हणाला, "असलं शिकून पुढे करायचं काय? आणि गार्चिंगला इंजिनियरिंगला मिळतंय, लोक तरसतात." बाप-लेकीत आठ दिवस अबोला. शेवटी विवेक म्हणाला, "आई, तू चल. तू बघ आणि सांग."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला घर बघायला नेत होतं.

गार्चिंगचं आवार पाहून मी थक्क झाले. स्वच्छ, मोठमोठ्या इमारती, भुयारातली रेल्वे दाराशी. जेवणाच्या हॉलमध्ये शाकाहारी ताट वेगळं. कोल्हापूरची, नाशिकची मुलं भेटली, मला बघून वाकून नमस्कार केला त्यांनी. जवळच राहणारी पुण्याची एक बाई, नवरा तिथल्याच संस्थेत, तिने आम्हाला घरी नेऊन थालीपीठ खाऊ घातलं. म्हणाली, "काकू, बिनधास्त पाठवा. रविवारी माझ्याकडे जेवेल." मी नळ उघडून पाहिले, संडास पाहिले, पोरांच्या ताटात काय उरतं ते पाहिलं. सगळं चोख. परतताना गाडीत विवेकने विचारलं, "मग?"

मी म्हटलं, "घर चांगलं आहे. द्या."

तोच शब्द. मागच्या सीटवर सानिका खिडकीतून बाहेर बघत होती. दिवसभर तिचे दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांच्या आत होते. थालीपीठसुद्धा तिने बाहीतून बोटं काढून खाल्लं होतं. मी ते पाहिलं होतं. पण आम्ही घर बघायला जायचो तेव्हा मुलगी कुठे बघायचो? मुलगी बरोबर नसायचीच. ती आपली, तिच्यात काय बघायचं? घर चांगलं असलं की ती राहते. हा माझा हिशेब होता आणि त्यात चूक होती. त्या विद्यापीठाला मी दोष देणार नाही. हजारो मुलं तिथे आनंदाने शिकतात. पुण्याच्या बाईलाही नाही, तिने चार रविवार बोलावलं, पाचव्याला सानिका म्हणाली अभ्यास आहे, तिने मान्य केलं. कोणीही तेच केलं असतं.

तिला घरी आणलं. डॉक्टर झाले, आठवड्यातून एकदा एका बाईंशी बोलायला जायची, थोड्या गोळ्या होत्या. पहिला महिना ती नुसती झोपली. मग उठून स्वयंपाकघरात यायला लागली. विवेक आणि अर्चना सकाळी गेले की आम्ही दोघीच. मी भाकरी थापायचे, ती शेजारी उभी राहून बघायची, मग एक दिवस स्वतःच पीठ ओढून घेतलं. दुपारी कालव्यावर जायचो. तिथून मालाचे लांबच लांब पडाव, सपाट बोटी, जातात. पडाववाल्यांचं घर पडावावरच, मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले, कधी छपरावर त्यांची मोटार उभी. सानिका मला पडावाच्या नावाखाली लिहिलेलं गाव वाचून दाखवायची. थंडीने नाक लाल व्हायचं दोघींचं.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. इथे आल्यापासून माझे सगळ्यांत चांगले दिवस तेच होते. पोर आजारी आणि आजी सुखात.

मार्चमध्ये पुढचं ठरवायची वेळ आली. विवेक आता मऊ झाला होता. म्हणाला, "बाहेर कुठेच नको. घरी राहा, ब्राउनश्वाइगला रोज जाऊन-येऊन कर. आजी आहे, आई आहे." अर्चनालाही तेच हवं होतं. मला तर हवंच होतं. सानिका म्हणाली, "मिअर एगाल." म्हणजे मला काहीही चालेल. ज्या मुलीला काहीही चालेल तिला काहीच नको असतं, एवढं मला कळतं.

मी म्हटलं, "ती लहान कॉलेजं होती ना तुझी? ती बघू आधी."

विवेक म्हणाला, "आई, तुला इंग्रजी येत नाही, जर्मन येत नाही. तू काय बघणार?"

"घर बघायला भाषा लागत नाही," मी म्हटलं. "आणि गेल्या वेळी तुला दोन्ही भाषा येत होत्या."

त्याने आम्हा दोघींची रेल्वेची तिकिटं काढली.

त्यांतल्या दोन कॉलेजांची मुदत अजून राहिली होती. पाहुण्यांसाठी त्यांचे दिवस असतात, एक दिवस मुलांबरोबर बसायचं. पहिलं एका मोठ्या शहरात. माणसं इतकी प्रेमळ की काय सांगू. दारातच मिठ्या. मग सगळ्यांना गोल बसवलं, एक चेंडू फेकायचा, ज्याच्याकडे येईल त्याने नाव सांगायचं आणि आपल्याला जगात कशाचं वेड आहे ते सांगायचं. सगळे हसत होते. प्राध्यापक मांडी घालून जमिनीवर. सानिकाकडे चेंडू आला, तिने काहीतरी सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे हात पुन्हा बाह्यांत गेले. या वेळी मी तेच बघायला आले होते.

जेवताना मी तिला म्हटलं, "त्या समोरच्या मुलीला विचार, कोणी जेवायला आलं नाही तर तुम्ही काय करता?"

"आजी, असं नाही विचारत! पाइनलिश आहे ते." तिला लाज वाटत होती.

"तू विचारू नकोस. तू फक्त म्हण, माझी आजी विचारते. म्हाताऱ्या माणसांना माफ असतं."

तिने विचारलं. ती मुलगी गोड हसली आणि म्हणाली, इथे प्रत्येकाला आपला आपला मोकळेपणा असतो, कोणी कोणाच्या खोलीत डोकावत नाही. बोलायला कोणीतरी हवं असेल तर तशी सोय आहे, आधी वेळ घ्यायची. उत्तर वाईट नव्हतं. बोलक्या पोराला ते कॉलेज म्हणजे माहेर. ज्याला वेळ घ्यायला फोनसुद्धा उचलता येत नाही त्याचं काय, हा माझा प्रश्न होता.

दुसरं कॉलेज उत्तरेला, लहानशा गावात. तासाला एक रेल्वे. स्टेशनपासून चालत गेलो, वारा असा की मी तिचा दंड धरला होता. विटांची जुनी इमारत, भिंतीला ओल, संडासाची कडी नीट लागत नव्हती. बार्शीच्या हिशेबाने मी तिथूनच नारळ परत केला असता. मिठी कोणी मारली नाही. एका मुलाने सानिकाच्या हातात कागद दिला, कुठे काय आहे ते. मला खुर्ची दिली आणि एक उशी.

वर्गात दहा-बारा मुलं आणि एक बाई. बाईंनी काहीतरी विचारलं. कोणी बोललं नाही. बाईही बोलल्या नाहीत. मी मागे बसले होते. मला वाटलं काहीतरी बिघडलं. भिंतीवर घड्याळ होतं, मी बघत होते, तीन मिनिटं झाली. कोणी खाकरलं नाही, कोणी घाईने बोलून सुटका करून घेतली नाही. एक मुलगी खिडकीबाहेर बघत विचार करत होती आणि बाई तिला काही म्हणत नव्हत्या. मग एक मुलगा दोन वाक्यं बोलला. पुन्हा शांत. मग माझ्या सानिकाचा आवाज आला. पाहुणी म्हणून आलेली पोर, तिला कोणी विचारलंही नव्हतं. हळू बोलली, मध्ये थांबली, शब्द शोधला, सगळे थांबले, मग पुरं केलं. ती काय बोलली मला कळलं नाही. परतीच्या गाडीत विचारलं तर म्हणाली, सांगता येणार नाही मराठीत. बरं.

दुपारचं जेवण मुलंच रांधतात, पाळीपाळीने. सानिकाला कोणीतरी कांद्याची टोपली दिली. स्वागत नाही, काही नाही, टोपली दिली. तिने बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. परक्या माणसांत तिची मनगटं मला कित्येक महिन्यांनी दिसली, बारीक झाली होती. ती आणि एक लांबुडकी जर्मन मुलगी शेजारी शेजारी उभ्या राहून कांदा चिरत होत्या. अर्धा तास. तेवढ्या वेळात चार शब्द बोलल्या असतील. दोघींना काही कमी पडलेलं दिसलं नाही.

मी म्हटलं, "हिला विचार."

सानिकाने या वेळी कुरकुर केली नाही. विचारलं. लांबुडक्या मुलीला प्रश्नच कळला नाही, म्हणजे त्यात विचारण्यासारखं काय ते कळलं नाही. म्हणाली, "ताटं मोजूनच घेतो ना. एक उरलं तर ज्याची पाळी असेल तो ते घेऊन वर जातो आणि दार वाजवतो."

"आणि उघडलं नाही तर?"

"परत वाजवतो."

सानिका मला हे मराठीत सांगत होती आणि सांगता सांगता थांबली. कांद्याने डोळ्यांत पाणी होतंच. मी माझा रुमाल दिला आणि दुसरीकडे बघितलं.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "आजी, तू सांग. तू म्हणशील ते करते." थोड्या वेळाने म्हणाली, "मी घरी राहिले तर तुला आवडेल, हो ना?"

हा प्रश्न मला कोणी विचारू नये असं वाटत होतं. माझ्या डोळ्यांपुढे कालवा आला, लसूण आला, रिकामी दुपार आली. एक शब्द पुरला असता. हो म्हणाले असते तर ती राहिली असती, विवेक खूश, अर्चना खूश, डॉक्टरांनीही काही म्हटलं नसतं. कोणालाच ते चूक वाटलं नसतं. आणि पाच वर्षांनी ती माझ्याजवळ बसून लसूणच सोलत असती.

मी म्हटलं, "मला आवडेल. मला फार आवडेल. म्हणून तर माझं ऐकू नकोस. गेल्या वेळी मी सांगितलं ते चुकलं. या वेळी मी काय पाहिलं तेवढं सांगते." आणि सांगितलं. हात कुठे आत होते, कुठे बाहेर आले. कुठे ती बोलावल्यावर बोलली, कुठे न बोलावता. त्या कॉलेजच्या संडासाची कडी लागत नाही हेही सांगितलं, लपवलं नाही. "बाकी तू ठरव. तुझं नाव लिहायचं आहे तिथे, माझं नाही."

हॅनोव्हरला उतरताना माझी पिशवी उचलून म्हणाली, "मी तिथे जाते. कांद्यावाल्या कॉलेजला."

"जा," मी म्हटलं.

विवेकने घरी दोन दिवस वाद घातला. लहान गाव, ओल, पुढे नोकरी, सगळं काढलं. मी म्हटलं, "विवेक, त्या दिवशी दार उघडल्यावर तू दोन पावलांवर थांबलास. मी तुला काही बोलले नाही. आता तू काही बोलू नकोस." कठोर बोलले. पण तो थांबला, आणि शनिवारी तिच्यासाठी जाड रजई घेऊन आला.

जायच्या आधल्या दिवशी मी सानिकाकडून एक चिठ्ठी जर्मनमध्ये लिहून घेतली. आमच्या समोर फ्राउ बेकर म्हणून एक म्हातारी राहते, एकटी. दोन वर्षं आम्ही एकमेकींना नुसत्या मान हलवत होतो. चिठ्ठीत एवढंच होतं, सकाळी आठपर्यंत माझ्या खिडकीचं शटर वर गेलं नाही तर बेल वाजवा, तुमचं गेलं नाही तर मी वाजवेन. तिने दारात उभ्यानेच वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. "या," म्हणाली, म्हणजे हो. मग आत जाऊन एका कागदावर तिच्या मुलाचा फोन नंबर लिहून आणून दिला. आम्हाला एकमेकींचं एक वाक्य कळत नाही. सकाळी आधी तिचं शटर वर जातं, मग माझं. कधी मी मुद्दाम आधी करते.

सानिका कॉलेजला गेली. बाकी काही बदललं नाही. सातला दोघं जातात, सहाला येतात. मधले अकरा तास मी असते. कालव्यावर एकटी जात नाही, घसरायची भीती. एका माणसाची भाकरी थापणं कंटाळवाणं आहे, त्यामुळे बरेचदा कालचंच खाते. सानिकाचा फोन रविवारी येतो, कधी येत नाही. नाही आला तर मी त्या लांबुडक्या मुलीला मेसेजमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह पाठवते, तिचा नंबर घेऊन ठेवला आहे. ती सानिकाचा फोटो पाठवते, भांडी घासताना, नाहीतर कोणाशी तरी वाद घालताना. वाद घालताना! मग मी त्या दिवशी सानिकाला फोन करत नाही. आजीला विसरणारं पोर बरं असतं.

तुम्ही विचारता, कमल, आता घर कोणतं वाटतं, बार्शी की जर्मनी. मी असं बघते की कुठे जेवायला गेले नाही तर कोणाला कळेल. बार्शीला तुला कळायचं, शकुंतला. इथे सहा वाजेपर्यंत घरच्यांना कळत नाही, आठ वाजता समोरच्या परक्या बाईला कळतं. त्यातलं कशाला घर म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. सानिकाला दोन्ही भाषांत विचारलं तर ती त्या ओल आलेल्या इमारतीला घर म्हणते. माझ्याशी बोलतानाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जरा लागलं. मग म्हटलं, हेच तर बघायला गेलो होतो.

आणि एक. मंडळात बायका मला म्हणतात, काकू, तुम्ही केवढ्या प्रसंगातून गेलात. मी नाही गेले. मी गाडीत बसून गेले आणि केस विंचरले. त्या खोलीत बारा दिवस सानिका होती, एकोणीस वर्षांची, एकटी. त्यातून ती गेली, आणि ती जगली.